नंदनवनच्या भिंतीतला पाय

माय, परवा मला झाडताना पकडलं. हातात खराटा नव्हता, पाईनच्या झाडाची खाली पडलेली एक फांदी होती, आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं म्हणतात त्या एका दुकानाच्या जमिनीवरचा कचरा मी कोपऱ्यात लोटत होतो. शिटी वाजली. वर पाहिलं तर पहारेकरी बाई कमरेवर हात ठेवून उभी, आणि आमच्या वर्गातले सगळे हातातला डबा हातातच धरून माझ्याकडे पाहत होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, बरं झालं, कोणी तरी पाह्यलं तुले झाडताना, घरी तं कधी कोणाले दिसला नाही.

मी इटलीत आहे. रोम नावाचं मोठं शहर आहे, त्याच्या बाहेर एका लाँड्रीत कामाला आहे. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होतो. नववीत नाव होतं, मी नव्हतो. मग बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात लागलो, तिथून कळमेश्वर, तिथून सुरत, मध्ये आणखी कुठं कुठं. काही ठिकाणी वर्ष काढलं, काही ठिकाणी एक उन्हाळाही धड निघाला नाही. पोट्ट्याच्या पायात भिंगरी आहे, असं ताई सगळ्यांना सांगत फिरते. एका एजंटनं इकडचं काम दाखवलं तेव्हा नकाशावर इटली कुठं आहे हेही मी पाहिलं नव्हतं. इथं हॉटेलांच्या चादरी धुवायला येतात, गाड्या भरभरून. बुटीबोरीत चादरीचं कापड बनवायचो, इथं चादरी धुतो. एवढं जग फिरलो पण चादर काही मला सोडत नाही.

आणि तुला हसू येईल, मी शाळेत जातो. बाहेरून आलेल्या लोकांसाठी इथं संध्याकाळचे वर्ग असतात, त्यांची भाषा शिकवायला. शेवटी परीक्षा असते, आणि पास झालं की राहण्याचं कार्ड मिळायला सोपं जातं. वर्गात कोण नाही ते विचार. मोरोक्कोच्या बाया आहेत, एक म्हातारा इजिप्तचा, फिलिपिन्सची एक आया, आणि माझ्या खोलीतला बांगलादेशचा दोस्त, जो माझ्याशी आपल्या नागपूरच्या मोमिनपुऱ्यात बोलतात तशी हिंदी बोलतो. मास्तरीण साठीच्या पुढची आहे, केस अगदी पांढरे, आवाज एवढा की मशीन चालू असली तरी ऐकू जावा. मला लिहिता येतं, वाचता येतं, चादरी मोजताना मुकादमाशी भांडताही येतं. पण वर्गात उभं राहून बोल म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. शाळेत फळ्यासमोर चिकटायची तशीच. एवढ्या वर्षांत मी उंच झालो, दाढी आली, पण ती जीभ आठवीतच बसून आहे.

मास्तरणीनं सांगितलं, आपण अभ्यास सहलीला जाऊ. समुद्राकडे, जुन्या रोमन लोकांचं एक अख्खं गाव उकरून काढलंय ते पाहायला. आणि येताना बसमध्ये एकेकानं माईक घेऊन काय पाहिलं ते सांगायचं. जो बोलेल त्याचं नाव परीक्षेला जाईल. जो बोलणार नाही त्यानं पुढच्या वर्षी यावं, रागावणार नाही, पण यावं पुढच्या वर्षी.

मी ते ऐकलं आणि त्याच आठवड्यात दक्षिणेकडच्या एका ठेकेदाराला होकार दिला. तिकडे टमाट्याच्या शेतात माणसं पाहिजे होती. सहलीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी येणार होती आणि माझी बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती. परीक्षा नाही, माईक नाही, चादरी नाही. सहलीलाही जाणार नव्हतो. दोस्तानं सकाळी पांघरूण ओढलं. "उठ ना नागपुरी! फ्री की बस है, फ्री का खाना है. टमाटर कल भी लाल रहेगा." म्हणून गेलो. खरं सांगतो, डब्यासाठी गेलो.

पण बसमध्ये बसल्यावर खिडकीपाशी मला एकदम आपली मेटॅडोर आठवली. आपल्या विहाराच्या महिला मंडळाची सहल. उन्हाळ्याच्या आधी एकदा निघायची, त्यालाही तुम्ही अभ्यास सहलच म्हणायच्या. पांढऱ्या साड्या, मांडीवर डबे, आणि गाडीच्या मागच्या दारातून बाहेर डोकावणारे खराटे. तेव्हा मला त्या खराट्यांची एवढी लाज वाटायची! दुसऱ्या पोरांच्या सहलीत बॅट असते, आमच्या सहलीत खराटे. वैनगंगेच्या अंगाला ते टेकाड, जिथं जुन्या स्तूपाच्या विटा उघड्या पडल्या आहेत, तिथं गाडी थांबली की तुम्ही आधी पदर खोचायच्या. अध्यक्षीण बाई म्हणायच्या, "आधी झाडाचं, मंग बसाचं." पळसाची पानं, बकऱ्यांच्या लेंड्या, कोणी टाकलेल्या पुड्या, सगळं लोटून जागा लख्ख. मग सतरंजी, मग वंदना, मग पोळी आणि बेसन. मी कंटाळून विचारलं होतं, "काहून झाडतो वं आपण? आपलं घर आहे का हे?" तू मान वर न करता म्हणालीस, "कोणाचं तरी होतं ना गा."

येताना गाडीत एकेकीनं उभं राहून काय पाहिलं ते सांगायचं ही रीतही तिथलीच. पहिल्या वर्षी सगळ्या बायांनी एकच सांगितलं, सोबत आलेल्या रिटायर मास्तरांनी जे सांगितलं होतं ते. कोणत्या राजाच्या काळातलं, किती उंच असेल, कुठून लोक यायचे. तुझी पाळी आली तेव्हा तू पुढच्या सीटची दांडी धरून उभी राहिलीस. मला आजही दिसतं, गाडी खड्ड्यातून जाते आहे, तू हलते आहेस, आणि म्हणते आहेस, "बाया वं, हे तं आपण सगळ्याइनं आयकलं. मास्तर आपल्याच कानात बोलून राह्यले होते. डोळे घरी ठेवून आल्या होत्या काय? पाह्यलेलं सांगा. आयकलेलं नाही." बाया खो खो हसल्या. मास्तर सगळ्यात जास्त हसले आणि म्हणाले, "मंग मी सांगतो, म्या माह्या चपलीचा अंगठा तुटताना पाह्यला." तेव्हापासून मंडळाचा तोच नियम झाला.

मग तू मला उभं केलंस. मी लहान, मला वाटलं पोरगा म्हणून मला माफ असेल. मी मास्तरांचंच काही तरी पुटपुटलो. तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "हे तं आयकलेलं झालं गा. तू काय पाह्यलं?" मला रडू येत होतं. रागानं म्हणालो, "कुत्र्याचा पाय पाह्यला." पुन्हा हसू. पण तू हसली नाहीस. "कुठी?" मी म्हणालो, एका विटेवर. कोपऱ्यातल्या विटेवर कुत्र्याच्या पंजाचा ठसा होता, चार बोटं आणि मागची गादी, चिखलात उमटतो तसा. तू म्हणालीस, "सांग, पुरा सांग, सगळ्याइले आयकू येऊ दे." आणि मी सांगितला. जीभ चिकटली नाही. पुऱ्या आयुष्यात लोकांसमोर उभं राहून मी तेवढं एकदाच बोललो असेन, आणि ते तुझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी तू मला कामावर सोबत नेलंस. नंदनवन वस्तीतली ती मेस, जिथं तू पोळ्या लाटायचीस. मोठा तवा, पिठाचा धूर झाल्यासारखी हवा, बाहेर पोरांच्या डब्यांची रांग. तू लाटतेस, मी ओट्याखाली बसून कालची पोळी गुळासोबत खातो आहे. तिथं तू सांगितलंस की विटेवर पाय कसा उमटतो. तुझे मायबाप वीटभट्टीवर होते, तू तिथंच वाढलीस. ओल्या विटा उन्हात मांडून ठेवलेल्या असायच्या, त्यातून कुत्री जायची, बकऱ्या जायच्या, रात्रीतून कोण जायचं कोणास ठाऊक. एकदा तू धावत तुझ्या मायकडे चाललीस आणि तुझा पाय एका विटेत रुतला. बापानं पाठीत रपटा घातला. मुकादम म्हणाला, राहू दे, एका विटेसाठी काय पोरीले मारतो, भाजली का सारखीच होते. ती वीट तशीच भट्टीत गेली. आणि त्या खेपेचा सगळा माल, तू म्हणालीस, नंदनवनात गेला. तेव्हा इथं घरं उठत होती.

मी विचारलं, "मंग कोणत्या घरात आहे?"

तू लाटणं थांबवलंस आणि पिठाच्या हातानं मेसच्या भिंतीवर टकटक केलंस. "काय माहीत गा. याच्यातही असन." मग आवाज बारीक करून, आत हिशोब करत बसलेल्या मालकिणीकडे भुवई उडवून, "मालकीण मले म्हणते, बाई, भिंतीले हात नको लावत जाऊ, डाग पडते. तिले काय माहीत, मी तिच्या भिंतीत उभी आहो."

आपण दोघं किती हसलो होतो! मालकीण बाहेर येऊन विचारायला लागली, काय झालं म्हणून. त्यानंतर कितीतरी दिवस मी नंदनवनातून जाताना घरांच्या बाजूच्या भिंती पाहत जायचो. ज्यांना प्लास्टर नव्हतं त्या. तू एकदा पाहिलंस आणि म्हणालीस, "काय पाहून राह्यला? थो दिसत नाही. आतून बाहेरून प्लास्टर झालं त्याले आता."

तर परवा. ते गाव पाहिलं माय. रस्ते तसेच, काळ्या दगडांचे, त्यावर गाड्यांच्या चाकांच्या खाचा. दुकानांच्या रांगा, जिने, हॉटेल, त्याचा दगडी ओटा. एका ठिकाणी संडास होते, भिंतीला लागून लांब दगडी बाक आणि त्याला ओळीनं भोकं, मध्ये आडोसा काहीच नाही. आमचा म्हातारा इजिप्तवाला त्यावर जाऊन बसलाच. मोरोक्कोची एक बाई हसून हसून भिंतीला टेकली. दोस्त मला म्हणाला, "तू बस में यही बोल दे. सबसे पक्का याद रहेगा." मास्तरीण प्रत्येक ठिकाणी थांबून सांगत होती, कोण राहायचं, जहाजातून काय यायचं. मी ऐकत होतो पण माझं अर्धं मन पलंगाखालच्या बॅगेत होतं.

दुपारी एका दुकानाच्या सावलीत जेवायला बसायचं ठरलं. तीन भिंती उभ्या, वर आभाळ, खाली मोठ्या चौकोनी विटांची जमीन, आणि त्यावर पाईनच्या सुईसारख्या पानांचा थर. सगळे बसायला लागले आणि माझा हात आपोआप फांदीकडे गेला. शपथ, मी काही ठरवलं नव्हतं. जुनी जागा, विटा, डबा हातात, आणि खाली कचरा. माझ्या अंगाला एवढंच माहीत आहे की आधी झाडाचं, मंग बसाचं. आणि चार हात मारले तर पानांखालून एका विटेवर दोन छोट्या खाचा निघाल्या, बदामाच्या दोन फोडी शेजारी ठेवाव्या तशा. खूर. मी गुडघ्यावर बसलो. तेवढ्यात शिटी.

पहारेकरी बाईचं बरोबरच होतं. कोणीही उठून फांदीनं घासायला लागला तर त्या विटा किती दिवस टिकतील? तिनं मला ते सांगितलं, जोरात सांगितलं, मी फांदी खाली ठेवली आणि हात जोडले. दोस्त मध्ये पडायला आला तर त्याला खूर दिसलं. "अरे, बकरी! बिर्यानी से भाग के आई होगी." मग सगळेच वाकून पाहायला लागले, पहारेकरी बाईसुद्धा वाकली. मास्तरणीनं मला विचारलं, तू हे काय करत होतास? काहून करत होतास? मी नुसतं विटेकडे बोट दाखवलं. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, आता नको सांगू. बसमध्ये सांग.

बस निघाली. माईक पुढून मागे यायला लागला. सगळे मास्तरणीनं सांगितलेलंच सांगत होते, जहाज, मीठ, गहू, आणि ती मान डोलवत होती. मला मधूनच हसू येत होतं. डोळे घरी ठेवून आल्या होत्या काय? माईक माझ्या हातात आला. उन्हानं गरम झालेला, सगळ्यांच्या घामानं ओला. जीभ चिकटली. मी माईक दोस्ताकडे सरकवणारच होतो. मग उभा राहिलो आणि पुढच्या सीटची दांडी धरली. का धरली माहीत नाही. धरली आणि तू कशी हलत होतीस तसा मीही हलायला लागलो, आणि बोललो.

माझी त्यांची भाषा तुटकी आहे, त्यामुळे वाक्यं छोटी छोटी झाली. मी बकरीचा पाय पाहिला. वीट ओली होती. बकरी आली, गेली. माणूस रागावला असेल. पण वीट फेकली नाही, भाजली. माझ्या गावाकडे पण जुनी जागा आहे. तिथं कुत्र्याचा पाय आहे, मी लहानपणी पाहिला. आमच्या बाया तिथं आधी झाडतात, मग बसतात. कारण ते कोणाचं तरी घर होतं. म्हणून मी झाडलं. मला माफ करा.

थांबायला पाहिजे होतं तिथं. पण दांडी हातात होती, गाडी हलत होती, आणि मला वाटलं अजून एक वाक्य येतं. म्हणून म्हणालो, माझ्या शहरात एका भिंतीत माझ्या आईचा पाय आहे. ती लहान होती तेव्हाचा. आणि ते भट्टीचं, मुकादमाचं, मालकिणीचं सगळं सांगितलं. जे शब्द येत नव्हते ते हातानं सांगितले. भिंतीवर टकटक केलं ते बसच्या काचेवर केलं.

पहाटे ठेकेदाराचा फोन आला. मी पलंगावर बसून होतो, बॅग पायाशी. त्याला म्हणालो, येत नाही. तो शिव्या देऊन मोकळा झाला. दोस्त झोपेतूनच म्हणाला, "टमाटर बच गया." बॅगेतले कपडे परत खिळ्यांना लावले. माझं नाव परीक्षेला गेलं आहे. पास होईन की नाही ते ठाऊक नाही, पण पहिल्यांदा असं झालं आहे की कुठून तरी निघून जायचं होतं आणि मी गेलो नाही. ते तुझ्यामुळे, माय. आपल्यात आईचे आभार मानत नाहीत, मानले असते तर तू म्हणाली असतीस, डोकं दुखते काय? म्हणून लिहितो आहे. तू मला शाळा पुरी देऊ शकली नाहीस, पण त्या गाडीत उभं केलंस, आणि रडलो तरी बसू दिलं नाहीस. इतक्या वर्षांनी तेवढंच कामी आलं, आणि पुरलं.

रविवारी ताईशी बोललो. तिला सगळं सांगितलं तर म्हणते, "माय नाही गा, मामाचा पाय होता थो. मले तं तिनं मामाचाच सांगतला." मी म्हणालो, मायचाच. ती म्हणाली, मामाचाच. पुष्कळ भांडलो, मग दोघंही रडलो, मग तिचं पोरगं दूध मागायला लागलं. तूच सांग आता. नाही सांगितलंस तरी चालेल. तुझी राख कन्हान नदीत गेली. फोटो आहे तो रेशनकार्डासाठी काढलेला, त्यात तुझे डोळे मिटलेले आहेत. नंदनवनची ती भिंत तेवढी राहिली आहे, आणि ती मी मामाला देणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला कळतं. घडी करून कार्डाच्या कागदांमागे ठेवीन. पण एक गोष्ट वर सांगायची राहिली. बसमध्ये माझं बोलून झालं आणि मी बसणार, तेवढ्यात मास्तरणीनं मागे वळून विचारलं, आईचा तो पाय तू स्वतः पाहिलास? सगळी बस माझ्याकडे पाहत होती. तुझा नियम मला पाठ आहे, माय. मी म्हणालो, हो. पाहिला.